देवाला वायफाय म्हणण्याआधी एकदा वायरमनला विचारा

गोव्यातल्या धर्मगुरूंना, सिस्टरांना आणि दोतोर्न (मुलांचं धर्मशिक्षण) शिकवणाऱ्यांना खुले पत्र

आदरणीय फादर, सिस्टर आणि दर रविवारी मुलांना दोतोर्न शिकवणाऱ्या भावाबहिणींनो,

सप्रेम नमस्कार.

मी वायरमन आहे. मूळचा सावंतवाडीकडचा, शिक्षण सगळं मराठी शाळेत आणि पोटापाण्यासाठी गेली बरीच वर्षं गोव्यातल्या बार्देश तालुक्यात. घरात मालवणी, मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या उपासनेत, कोंकणी आणि वाचायचं-लिहायचं म्हटलं की मराठी, असा आमच्याकडच्या बऱ्याच ख्रिस्ती घरांचा कारभार असतो. म्हणून पत्र मराठीत. गोव्यात मराठी वाचणारे कमी नाहीत, तेव्हा फिरत फिरत ते तुमच्या हाती पडेलच. घरं, हॉटेलं, शाळा यांच्याबरोबर काही चर्च-कपेलांची वायरिंगही मी केली आहे. फेस्त (चर्चचा सण) असलं की साउंडवाल्याला लाइन काढून देण्याचं काम माझ्याकडे येतं. त्यामुळे तुमचे शेर्मांव (प्रवचनं) मी बाकावर बसून जेवढे ऐकले, जवळजवळ तेवढेच मेन स्विचजवळ उभं राहून ऐकलेत.

हल्ली त्या शेर्मांवांत मोबाईल फार येतो. देव म्हणजे वायफाय, दिसत नाही पण कनेक्ट व्हावं लागतं. प्रार्थना म्हणजे चार्जिंग. पाप म्हणजे व्हायरस आणि कुमसार, म्हणजे फादरांपुढे पापांची कबुली, हे डिलीटचं बटण. येशू म्हणजे जीपीएस, रस्ता चुकलात तर नवा रस्ता दाखवतो. परवा तर क्यूआर कोडच्या तीन कोपऱ्यांतल्या तीन चौकोनांत पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, असल्याचंही ऐकलं. (चौथ्या बाजूलाही मोठ्या कोडमध्ये एक छोटा चौकोन असतो. त्याचं काय करायचं ते कोणी सांगितलं नाही.) पोरं हसतात, पालक माना डोलावतात, घरी जाताना कोणाच्याच लक्षात काही राहत नाही.

चर्चमध्ये यंत्रांच्या गोष्टी नकोत, असं माझं मुळीच म्हणणं नाही. आपल्या गोव्याने तसं म्हणणं तर शोभणारही नाही. भारतातला पहिला छापखाना इथे जुन्या गोव्यात आला, १५५६ मध्ये, आणि तोही जेजुइट संघाच्या धर्मगुरूंच्या सेंट पॉल कॉलेजात. खरं तर तो निघाला होता अ‍ॅबिसिनियाला, म्हणजे आजच्या इथिओपियाला. वाटेत गोव्याला उतरला आणि इथलाच झाला. पुढच्याच वर्षी त्याच्यावर फ्रान्सिस झेवियरची दोतोर्न छापली गेली. म्हणजे आज तुम्ही रविवारी जे शिकवता, ते या देशात त्या वेळच्या सगळ्यात नव्या यंत्रातून आलं. त्याच शतकात इथल्या लोकांच्या पोथ्याही जाळल्या गेल्या, हेही त्याच दमात सांगायला हवं. नुसत्या छापखान्याचं कौतुक करून भागत नाही.

मला त्याहून महत्त्वाचे वाटतात ते थॉमस स्टीफन्स. १५७९ मध्ये हा इंग्रज जेजुइट गोव्यात आला, इथल्या लोकांची भाषा शिकला आणि १६१६ मध्ये त्याचं क्रिस्तपुराण छापून निघालं. मराठीतून, आणि ओवीत. देवनागरी खिळे पाडायचे तर जोडाक्षरांसकट शेकडो साचे लागणार, ते काही जमलं नाही, म्हणून मजकूर रोमन अक्षरांत छापावा लागला. पण अक्षरं परकी असली तरी आतला माल इथला होता. मराठीची थोरवी सांगायला त्याने मोगरी घेतली, कस्तुरी घेतली. इथल्या माणसाने ज्याचा वास घेतलाय तेच त्याने उचललं. इंग्लंडातलं एखादं फूल आणून त्याच्यावर मराठी नाव चिकटवलं नाही.

आणि ज्याची गोष्ट स्टीफन्स सांगत होता, तो तर सुताराच्या घरात वाढलेला. त्याच्या दाखल्यांत पेरणारा आहे, पिठात खमीर मिसळणारी बाई आहे, जाळं ओढून किनाऱ्यावर मासे निवडणारे कोळी आहेत, खडकावर पाया घालणारा आहे. बी वाटेवर पडलं तर पाखरं खातात, खडकाळ जागेत पडलं तर लवकर उगवतं आणि उन्हाने करपतं, हे शेतकऱ्याला ठाऊक असलेलं ज्ञान आहे. आधी काम बरोबर सांगितलंय, मग त्यातून जे निघायचं ते निघतं. तुमच्या मोबाईलच्या उपमांत मला याच्या उलटं होताना दिसतं. निष्कर्ष आधी ठरलेला असतो आणि यंत्र वरून चिकटवलेलं असतं. ते यंत्र खरंच कसं चालतं याच्याशी कोणाला देणंघेणं नसतं.

उदाहरण घ्या चार्जिंगचं. सकाळी प्रार्थना करून शंभर टक्के व्हायचं, मग दिवसभर आपापलं फिरायचं, रात्री वीस टक्क्यांवर परत सॉकेटला. ऐकायला छान. पण यात देव फक्त भिंतीतला सॉकेट झाला, आणि चार्ज झाल्यावर आपण त्याला सोडून जाऊ शकतो हाच त्या उपमेचा मुख्य मुद्दा झाला. योहानाच्या पंधराव्या अध्यायात तर द्राक्षवेल आणि फांद्या आहेत. फांदी वेलीवर राहते म्हणून तिला फळ येतं. पंधरा मिनिटं वेलीला चिकटून मग दिवसभर हिंडणारी फांदी मी पाहिलेली नाही. विजेतलंच काही हवं असेल तर छताचा पंखा घ्या. त्याच्यात काहीही साठत नाही. लाइन आहे तोवर फिरतो, लाइन गेली की दोन-चार वेढे घेऊन थांबतो. त्याला आणि देवाला दोघांनाही यात कमीपणा नाही. जूनमध्ये पहिल्या वादळाला लाइट जाते तेव्हा हे मुलांना वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

डिलीटच्या बटणाचं तर मला हसूच येतं. कॉम्प्युटरवरची किंवा पेनड्राइव्हवरची फाइल डिलीट केली की ती जात नाही. यादीतलं तिचं नाव पुसलं जातं आणि ती जागा ‘मोकळी’ म्हणून लिहिली जाते, एवढंच. आतला मजकूर जिथल्या तिथे असतो. म्हणून तर दुकानदार पैसे घेऊन लग्नाचे गेलेले फोटो परत काढून देतो. (आताच्या फोनमध्ये आणि बऱ्याच नव्या कॉम्प्युटरमध्ये हे जरा निराळं चालतं, पण तत्त्व समजायला पेनड्राइव्ह बरा.) जुना मजकूर खरा कधी जातो? त्याच जागेवर दुसरं काही लिहिलं जातं तेव्हा.

आता हे कळल्यावर लूकच्या अकराव्या अध्यायातलं ते घर आठवून बघा. भूत निघून जातं, घर झाडून-पुसून लख्ख होतं, पण रिकामंच राहतं. मग ते भूत आणखी सात जणांना घेऊन परत येतं आणि त्या माणसाची दशा पहिल्यापेक्षा वाईट होते. लहानपणी मला ही गोष्ट अन्यायाची वाटायची. घर साफ केलं, त्याची ही शिक्षा? पेनड्राइव्हपासून सुरुवात केली तर गोष्ट सरळ लागते. घर मोकळं केलं, पण त्या जागी नवं काही लिहिलंच नाही. लोकांना लुबाडणाऱ्या जकातदार जक्कयाने बघा, नुसतं ‘चुकलो’ म्हटलं नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट परत, असा हिशेबच मांडला. कुमसाराला जाणाऱ्या पोराला डिलीटचं बटण सांगण्यापेक्षा हे सांगितलं तर तो पुढच्या आठवड्यात काय करायचं याचा विचार करत घरी जाईल. क्षमा देवाकडून फुकट मिळते याला यात कुठे धक्का लागत नाही. मोकळ्या झालेल्या जागेचं काय करायचं, एवढाच प्रश्न आहे.

जीपीएसबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथे तुम्ही सोनं टाकून चिंधी उचलताय.

पहिली गोष्ट, रस्ता दाखवणं हे जीपीएसचं काम नाही. ते नकाशाच्या अ‍ॅपचं काम, आणि ते अ‍ॅप आसगावच्या गल्लीत पर्यटकांच्या भाड्याच्या गाड्या कुठे नेऊन अडकवतं ते आपण सगळे सीझनमध्ये बघतोच. जीपीएस एकच सांगतो, तू आत्ता कुठे आहेस. पुढे कुठे जायचं याबद्दल तो चकार शब्द काढत नाही. उत्पत्तीच्या तिसऱ्या अध्यायात झाडांमागे लपलेल्या आदामाला देव हाक मारतो ती हीच. तू कुठे आहेस? माणसाला देवाने विचारलेला बायबलमधला हा पहिला प्रश्न. कुठे जायचंय हे नंतर, आधी आहेस कुठे ते बघ. एवढ्यावर एक अख्खा शेर्मांव होईल.

दुसरी गोष्ट याहून भारी. ते उपग्रह आपल्या डोक्यावर सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. तिथून येणारा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत इतका क्षीण होतो की भोवतालच्या विजेच्या गोंगाटाच्याही खाली जातो. फोनने नुसते कान टवकारले तर त्याला खरखरीशिवाय काही ऐकू येणार नाही. मग तो सिग्नल पकडतो कसा? प्रत्येक उपग्रहाचा एक ठरलेला कोड असतो आणि तो कोड फोनला आधीपासून पाठ असतो. फोन आपल्याजवळची प्रत त्या खरखरीवर पुढे-मागे सरकवत राहतो आणि जिथे ती जुळते तिथे त्याला कळतं, हा अमुक उपग्रह. आवाज मोठा होता म्हणून सापडला नाही, ओळखीचा होता म्हणून सापडला.

माझी मेंढरं माझा आवाज ओळखतात, असं मेंढपाळ म्हणतो ते हेच तर. होरेब डोंगरावर एलिया संदेष्ट्याला देव वादळात भेटला नाही, भूकंपात नाही, अग्नीत नाही. शेवटी आला तो मंद, हळू आवाज. आता मुलं विचारतात, देव बोलतो तर मला ऐकू का येत नाही? त्यावर ‘मोबाईल बाजूला ठेव, शांत बस’ हे उत्तर आपण देतो. ते अर्धंच आहे. शांत बसूनही खरखर असतेच, डोक्यातली तर जास्तच. तो आवाज आधी पाठ असावा लागतो. आजी-आजोबा तिन्हीसांजेला रोजार (जपमाळेची प्रार्थना) म्हणायला बसवायचे, शुभवर्तमानातले तेच उतारे वर्षानुवर्षं कानांवर पडायचे, ते कंटाळवाणं वाटायचं. ते पाठांतर म्हणजे कोडची प्रत होती असं आता मला वाटतं. दोतोर्नमध्ये पाठांतर बंद करा म्हणणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

तिसरी गोष्ट सांगतो आणि जीपीएस सोडतो. जागा शोधायला तीन उपग्रहांची अंतरं पुरायला हवीत. लांबी, रुंदी, उंची, तीन गोष्टी काढायच्या तर तीन मापं. तरी चौथा उपग्रह लागतो. का? उपग्रहांवर अणुघड्याळं असतात आणि आपल्या फोनातलं घड्याळ स्वस्तातलं. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तरी अंतर ३०० मीटरने चुकतं. म्हणून फोन गणित सुरू करतानाच धरून चालतो की माझं घड्याळ बरोबर नसणार. ती चूक किती, हे काढायला त्याला चौथा साक्षीदार लागतो. स्वतःचं घड्याळ बरोबर आहे असा हट्ट धरला तर त्याला स्वतःची जागा सापडायची नाही. याच्यावर मी काही बोलत नाही. ईस्टरआधीचा आपला उपासकाळ जवळ आला की तुम्हीच बोला.

आता माझ्या धंद्याकडे येतो. इथे तुम्ही मला ओळखीचं म्हणून जरा जास्त बोलू द्या.

घरातली थ्री-पिन हातात घ्या. वरची पिन बाकीच्या दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. लांब अशासाठी की प्लग आत घालताना ती सगळ्यात आधी लागावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. ती अर्थची पिन. रोजच्या दिवशी तिच्यातून काहीच करंट जात नाही. फ्रिज चालतो तो फेज आणि न्यूट्रलवर, अर्थची वायर नुसती सोबत असते. म्हणूनच लोक तिला फालतू समजतात. किती घरांत बोर्ड उघडला की हिरवी वायर कुठेच जोडलेली नसते, मागे गुंडाळून ठेवलेली असते! फ्रिज चालतो, दिवे लागतात, कोणाला पत्ता नसतो. मग एके दिवशी पावसाळ्यात वॉशिंग मशीनच्या आतली फेजची वायर घासून उघडी पडते, पत्र्याला टेकते आणि ओल्या पायांनी घरातली बाई मशीनला हात लावते. अर्थ नीट असेल तर तो जवळजवळ सगळा करंट तिच्या अंगातून न जाता त्या हिरव्या वायरीतून जमिनीत जातो आणि एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) पडतो. आरसीसीबी, म्हणजे गळती ओळखणारा स्विच, बसवलेला असेल तर तो ३० मिलिअँपियरच्या गळतीलाच, पापणी लवायच्या आत लाइन तोडतो. अर्थ नसेल तर पुढचं लिहीत नाही.

आधी जोडलेला, शेवटी सुटणारा, रोजच्या दिवशी कोणाच्या खिजगणतीत नसलेला, आणि दोष आला की दुसऱ्याच्या अंगावर जाणारं स्वतःवर घेणारा. पवित्र शुक्रवारी यशयाचा त्रेपन्नावा अध्याय, दुसऱ्यांचं दुःख स्वतःवर घेणाऱ्या सेवकाचा, वाचला जातो तेव्हा मला ती हिरवी वायर दिसते, काय करणार. पण ही उपमा कुठे तुटते तेही सांगायला हवं. वायरीला दुखत नाही. तिने आपणहून ठरवलेलं नसतं. क्रूसावरच्याला दुखलं आणि त्याने ठरवलं होतं. मुलांना दोन्ही सांगा. उपमा जिथे तुटते तिथेच मुलं जास्त प्रश्न विचारतात, हा माझा माझ्याच पोरांबरोबरचा अनुभव आहे.

हिरवी वायर शेवटी जाते कुठे? अंगणात, एका खड्ड्यात. पाइप अर्थिंग करताना अडीच मीटरचा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप उभा पुरतात आणि भोवती थर लावतात, कोळशाचा एक, मिठाचा एक, परत कोळसा, परत मीठ. जाडं खडे मीठ घ्यायचं, आगरवाड्याच्या मिठागरातलं मिळालं तर उत्तमच. वर एक फनेल काढून ठेवायचं, पाणी ओतायला. मीठ कोरडं असेल तर त्यातून वीज जात नाही. पाण्यात विरघळलं, दिसेनासं झालं, मातीत मुरलं की मगच माती वीज घ्यायला लागते. आपल्याकडची माती जांभ्याची. पावसाळ्यात ठीक, पण एप्रिल-मेमध्ये ती अशी सुकते की मीटर लावला तर चांगल्या अर्थिंगचा रेझिस्टन्सही वर गेलेला दिसतो. त्यात आपल्याकडे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तो दरवर्षी थोडं थोडं मीठ धुऊन नेतो. म्हणजे उन्हाळ्यात पाणी घालायचं आणि काही वर्षांनी मीठ परत भरायचं. ज्यांनी एकदा अर्थिंग केलं आणि वर फरशी घातली, त्यांच्या खड्ड्यात नुसती माती उरते, आणि घरात सगळे समजतात आपल्याकडे अर्थिंग आहे.

तुम्ही पृथ्वीचं मीठ आहात, हे वाक्य मी लहानपणापासून ऐकतोय आणि दर वेळी त्याचा अर्थ कालवणातल्या मिठावरून सांगितला गेला. चव आणणारे व्हा. त्यात चूक काही नाही, मत्तयात चवीचीच गोष्ट आहे. पण लूकमध्ये तेच मीठ येतं तेव्हा तो म्हणतो, खारटपणा गेलेलं मीठ जमिनीच्याही कामाचं नाही आणि उकिरड्याच्याही. म्हणजे मिठाचं जमिनीशी काहीतरी काम होतं, हे ऐकणाऱ्यांना ठाऊक होतं. आता त्या काळी अर्थिंग नव्हतं हे मलाही कळतं. मी फक्त एवढंच म्हणतो की मेच्या उन्हात जांभ्याचा खड्डा खणून त्यात मिठाची गोण ओतणाऱ्याला हे वचन जे सांगतं, ते एसी हॉलमधल्या प्रोजेक्टरवर दिसणार नाही. मीठ गोणीत राहिलं तर निरुपयोगी. विरघळलं तर कोणाला दिसत नाही, पण घरातलं माणूस वाचतं. धुऊन गेलं तर बाहेरून काही कळत नाही, मीटर लावावा लागतो. आणि एक कडू गोष्टही त्यात आहे, पाइपवाल्यांनी माफ करावं. तेच मीठ वर्षानुवर्षं पाइपाला गंजवतं. जास्त धार्मिक माणसांच्या घरातल्यांना हे पटेल.

सगळ्याच यंत्रांत असं काही सापडेल असं नाही, आणि सापडलंच पाहिजे असंही नाही. काही उपमा तर ऐकणाऱ्याला लागतात. येशू जगाचा प्रकाश, हे सांगताना कोणी उत्साहाने म्हणावं की समुद्रात एलईडीचा झोत सोडला की मासे कसे ओढले जातात, तसा तो सगळ्यांना ओढून घेतो. हे वाक्य बाणावलीच्या किंवा बागा-कळंगुटच्या रापणकारांसमोर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या कोळ्यांसमोर, बोलून बघा. एलईडीच्या मासेमारीने रापणीला मासळी उरत नाही म्हणून ती माणसं वर्षानुवर्षं भांडताहेत. केंद्राने २०१७ मध्ये त्यावर बंदीही घातली, तरी भांडण संपलेलं नाही. त्यांच्या कानांना तो झोत प्रकाश वाटणार नाही, दरोडा वाटेल. उपमा उचलण्याआधी ते यंत्र कोणाच्या पोटावर पाय देतंय हे बघायला नको का?

तसंच जेवण मागवायच्या अ‍ॅपचं. ‘देव तुमची ऑर्डर ट्रॅक करतो’ असं एका तरुण मेळाव्यात ऐकलं. त्या नकाशावर सरकणारा तो ठिपका म्हणजे एक मुलगा आहे, बहुतेक वेळा परराज्यातला, जुलैच्या पावसात पर्वरीचा चढ चढणारा. आपल्या सोसायटीची लिफ्ट त्याला वापरू देतात का, पाणी विचारतात का, याच्यात मत्तयाचा पंचविसावा अध्याय (मला तहान लागली तेव्हा तुम्ही पाणी दिलंत) मावतो. तिथे उपमाही लागत नाही. तहानेला, परका, भिजलेला, सगळं जसंच्या तसं दाराशी उभं असतं.

क्यूआर कोडला मघाशी हसलो, तर त्याचंही देणं फेडतो. जपानच्या डेन्सो वेव्हने १९९४ मध्ये तो गाड्यांच्या सुट्या भागांसाठी काढला. कारखान्यात तेल-काळं लागणारच, म्हणून त्यात माहिती अशी लिहिलेली असते की कोडचा काही भाग खराब झाला तरी उरलेल्यातून सगळं परत काढता येतं. सगळ्यात पक्क्या पातळीवर ३० टक्क्यांपर्यंत. म्हापशाच्या मासळी बाजारात कोळणीच्या पाटीजवळचा कोड बघा, खवले चिकटलेले, पाण्याने कडा सुटलेल्या, तरी पैसे पोचतात. तो बनवणाऱ्याने सुरुवातीलाच गृहीत धरलं होतं की हा मळणार. मात्र कोपऱ्यातला मोठा चौकोनच फाटला तर काही खरं नाही. त्रैक्याऐवजी हे सांगितलं असतं तर कोळणीनेही कान दिला असता.

आणि एक साउंडवाल्यांच्या वतीने, राग मानू नका. माइकने ‘कुंई’ केलं की सगळे त्या पोराकडे रागाने बघतात. ती शिट्टी होते कारण स्पीकरमधून आलेला आवाज माइक परत ऐकतो, परत वाढवतो, परत ऐकतो. माइक स्वतःचंच ऐकत राहिला की असं होतं. उपाय दोनच, माइक स्पीकरच्या मागे घ्या किंवा आवाज कमी करा. याच्यातली उपमा मी काढत नाही, वेदीवरच्यांसाठी सोडतो.

तर आता मागणी. दोतोर्नच्या वर्गात वर्षातून काही रविवार तरी काम करणाऱ्यांना बोलवा. तुमच्याच फिर्गजीत (चर्चच्या हद्दीतल्या वस्तीत) माणसं आहेत. मालीमच्या जेटीवर ट्रॉलर चालवणारा तांडेल, फोन दुरुस्त करणारा पोरगा, इस्पितळात एक्स-रे काढणारी बाई, कदंबाच्या बसचा मेकॅनिक. त्यातला एखादा हिंदू किंवा मुसलमान असला तरी काय बिघडलं? पेरणाऱ्याचा दाखला कळायला शेतकरी ख्रिस्ती असावा लागत नाही. त्यांना धर्माबद्दल काही बोलायला लावू नका. त्यांनी फक्त आपलं यंत्र उघडून दाखवायचं, कुठे काय बिघडतं, कसं कळतं, काय केलं की चालतं. मग शुभवर्तमानातला एक उतारा वाचा आणि मुलांना विचारा, काही दिसलं का? नाही दिसलं तर नाही. त्या दिवशी एक यंत्र कसं चालतं ते तरी कळलं. तुम्ही मात्र तात्पर्य लगेच सांगू नका. येशूनेही बरेचदा दाखला सांगून तिथेच सोडला, शिष्य नंतर घरात येऊन विचारत बसायचे.

नव्या पिढीसाठी तुम्ही कार्लो अकुटिसचं उदाहरण देता, ते मला आवडतं. २०२५ च्या सप्टेंबरमध्ये तो संत झाला आणि गोव्यातल्या पोरांच्या खोल्यांत जीन्स घातलेल्या संताचा फोटो लागला. पण त्याला ‘देवाचा इन्फ्लुएन्सर’ म्हणताना एक विसरायला होतं. तो पंधराव्या वर्षी गेला आणि त्याआधी त्याने केलेलं काम म्हणजे मिस्सेतल्या भाकरीशी जोडलेल्या चमत्कारांची माहिती एकेक करून गोळा करणं, लावणं आणि वेबसाइटवर मांडणं. किचकट, बसून करायचं काम. कॉम्प्युटर कसा चालतो हे त्या पोराला आतून ठाऊक होतं. त्याने त्याची उपमा केली नाही, त्याचा उपयोग केला.

माझ्यापुरतं सांगायचं तर मी यायला तयार आहे. रविवारी सकाळी मिस्सेनंतर दीड तास द्या. प्रोजेक्टर नको, स्लाइड नकोत. एक तुटकी थ्री-पिन, एक जुना आरसीसीबी, टेस्ट लॅम्प आणि अर्थ टेस्टर मी घेऊन येईन. तुम्ही फक्त चर्चचा अर्थिंगचा खड्डा कुठे आहे ते शोधून ठेवा. काही ठिकाणी त्याच्यावर फरशी बसली असेल, तर ती आधी काढावी लागेल. आणि शक्यतो मेमध्ये बोलवा, पावसाआधी, म्हणजे मीटरवर खरा आकडा दिसेल. मीठ आणि कोळसा लागला तर त्याच दिवशी मुलांच्या हातून भरून घेऊ. पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, बाजारात तेव्हा खडे मीठ स्वस्त असतं.

आपला,
बार्देशातला एक वायरमन